एका इंजेक्शनाचा आजार

गरोदर बाईची आरोग्य केंद्रात नोंदणी झाली की तिचं रक्त तपासायला घेतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही आणि त्याच यादीत व्हीडीआरएल. हिमोग्लोबिन किती भरलं ते बाई घरी जाऊन सांगते, साखरेची चौकशी सासूसुद्धा करते. व्हीडीआरएल कशासाठी होतं, हे सहसा तिला कोणी सांगत नाही आणि तीही विचारत नाही. ही तपासणी सिफिलिसची, म्हणजे गरमीची. जुनी माणसं ‘गरमी-परमा’ असं एका दमात म्हणत, पण आजार दोन आहेत. परमा म्हणजे गनोरिया. त्याचा जिवाणू वेगळा आणि त्याची कहाणीही वेगळी. इथे फक्त गरमीबद्दल.

गरमीचा जिवाणू १९०५ पासून माहीत आहे. रक्ताची तपासणी १९०६ पासून होते. पक्कं औषध १९४३ पासून आहे आणि सुरुवातीच्या काळात त्याचं एक इंजेक्शन पुरतं. असं असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या ८० लाख लोकांना गरमीची नव्याने लागण झाली. त्याच वर्षी ११ लाख गरोदर स्त्रियांना हा आजार होता, आणि त्यापायी ३ लाख ९० हजारांहून जास्त गर्भारपणांचा शेवट वाईट झाला: पोटात मूल दगावलं, दिवस भरण्याआधी जन्मलं, जन्मल्यावर गेलं किंवा आजार घेऊनच आलं. औषध सापडलेलं नाही म्हणून हे घडलेलं नाही. माझ्या मते गरमीची खरी गोष्ट इंजेक्शन आणि माणूस यांच्यामधल्या अंतराची आहे, आणि ते अंतर वैद्यकशास्त्राने कमी, समाजाने जास्त राखलं आहे.

आधी जिवाणू. ट्रेपोनेमा पॅलिडम हे त्याचं नाव. बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमान यांनी तो पाहिला. मळसूत्रासारखा पिळदार आणि इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तिरपा उजेड पाडून बघावा लागतो. बाकीचे बरेच जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतात, हा वाढत नाही. सशाच्या पेशींच्या सोबतीने तो बराच काळ वाढवता येतो, हे जमायला २०१८ साल उजाडलं. त्याच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनं फार थोडी असल्याने शरीराच्या पहारेकऱ्यांना तो चटकन ओळखू येत नाही. शिवाय तो अतिशय सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला तीसेक तास लागतात. औषध म्हणूनच रक्तात बराच काळ टिकून राहावं लागतं. दोन दिवसांच्या गोळ्यांनी हे काम होत नाही.

त्याची चालही धूर्त आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांत तर कधी तीन महिन्यांनी, जिथून जिवाणू शिरला तिथे एक चट्टा उठतो. कडा टणक आणि दुखणं शून्य. जांघेत अवधाण येतं, तेही बहुधा न दुखणारं. पुरुषाला चट्टा दिसतो तरी. बाईला तो आत, गर्भाशयाच्या तोंडाशी झाला तर कळतही नाही. तोंडात किंवा गुदद्वारात झाला तरी तीच गत. तीन ते सहा आठवड्यांत चट्टा आपोआप भरून येतो आणि कोणी मलम लावलेलं असेल तर श्रेय त्या मलमाला जातं. रस्त्याकडेला तंबू ठोकून बसणाऱ्या आणि रेल्वेच्या डब्यात पत्रकं चिकटवणाऱ्या गुप्तरोगवाल्यांचा धंदा या आपोआप बरं होण्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. गिऱ्हाईक समाधानाने जातं आणि जिवाणू त्याच्यासोबत जातो.

काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं. तळहात आणि तळपाय यांवरही उठणारं, पण न खाजणारं पुरळ दिसलं तर डॉक्टरने गरमीचा विचार करायलाच हवा. ताप येतो, घसा दुखतो, डोक्यावरचे केस ठिकठिकाणी चकत्या पडल्यासारखे जातात, ओलसर जागी चपटे मांसल फोड येतात. तेही मावळतं. पुढे वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, फक्त रक्त बोलतं. उपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढे दहा-वीस-तीस वर्षांनी हृदयातून निघणारी महाधमनी, मेंदू, मज्जारज्जू किंवा हाडं यांचं दुखणं जडतं. डोळे, कान आणि मेंदू यांना तर तो कोणत्याही टप्प्यावर गाठू शकतो. गरमीच्या रुग्णाला अचानक धूसर दिसू लागलं तर ती तातडीची बाब समजतात.

हा आजार आपल्याकडे आला कुठून? सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त फिरंगरोगाचं वर्णन केलं आहे आणि तो फिरंग्यांच्या संसर्गाने होतो असं स्पष्ट म्हटलं आहे. युरोपात १४९५ मध्ये नेपल्सच्या वेढ्यानंतर त्याची मोठी साथ उसळली, आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. कोलंबसाच्या खलाशांनी तो अमेरिकेतून आणला का, हा वाद जुना. अमेरिकेत सापडलेल्या प्राचीन हाडांमधल्या जिवाणूच्या जनुकांवरून २०२४ मध्ये झालेल्या कामाने पारडं त्या बाजूला बरंच झुकवलं आहे.

भावमिश्रांचा उपाय रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचं संयुग. ते कणकेच्या गोळीत घालून दातांना न लागू देता गिळावं, असं ते सांगतात. पाऱ्याने हिरड्या सुजतात आणि दात हलतात हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दुसरा उपाय चोपचिनी, चीनकडून आलेलं एक मूळ. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधीग्रंथात या मुळाची सविस्तर चर्चा आहे. हा ऑर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही वैद्य म्हणून जात असे. चोपचिनीने गरमी जात नाही, पण त्या काळात लिस्बनपासून गोव्यापर्यंत तिचा बाजार तेजीत होता.  

इंग्रजांनी तर गरमीचा बंदोबस्त पोलिसांकडे सोपवला. लष्करी छावण्यांमध्ये गोऱ्या शिपायांना गुप्तरोग फार होत. म्हणून १८६८ च्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची शारीरिक तपासणी सुरू झाली. मुंबईतही तो लागू झाला. आजारी ठरलेल्या बाईला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबत. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी त्या कायद्यात नव्हती. म्हणजे अर्धा आजार कोंडायचा आणि अर्धा मोकळा ठेवायचा. बायका पळून जाऊ लागल्या, नोंदणी चुकवू लागल्या, आणि १८८८ मध्ये कायदा मोडीत निघाला. तो ज्या समजुतीवर उभा होता ती मात्र मोडीत निघाली नाही.

पाऱ्याच्या जागी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि त्यांचे जपानी सहकारी हाता यांनी सोमलापासून सहाशे सहाव्या क्रमांकाचं औषध घडवलं. १९१० मध्ये ते साल्वरसान नावाने बाजारात आलं. पाऱ्यापेक्षा बरं, पण सुया महिनोन्‌महिने टोचाव्या लागत. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि सोमलाचा जमाना संपला. ज्या देशात हे घडलं त्याच देशात, अलाबामातल्या टस्किगी भागात, गरमी झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना सरकारी आरोग्यसेवेने औषध न देता नुसतं निरखलं. प्रयोग १९३२ मध्ये सुरू झाला आणि १९७२ पर्यंत चालला. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते मिळू दिलं नाही. काहींच्या बायकांना लागण झाली, काहींची मुलं आजार घेऊन जन्मली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

आपल्याकडे पेनिसिलिन बनू लागलं ते पुण्याजवळ पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने. गरमीला लागणारं पेनिसिलिन बेंझाथिन जातीचं असतं. ते स्नायूत साठून राहतं आणि दोन-तीन आठवडे हळूहळू झिरपतं. मात्रा २४ लाख युनिट, अर्धी एका कुल्ल्यात आणि अर्धी दुसऱ्यात. आजार जुना किंवा कधी लागला ते अज्ञात असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. आश्चर्य असं की इतकी वर्षं वापरूनही हा जिवाणू पेनिसिलिनला निर्ढावलेला नाही. अझिथ्रोमायसिनला मात्र अनेक देशांत तो दाद देत नाही.

मग अडतं कुठे? हे इंजेक्शन घट्ट असतं, सुई अडकते, टोचल्यावर दोन दिवस बसवत नाही. पेनिसिलिनची जीवघेणी ॲलर्जी फार क्वचित येते, पण तिची धास्ती मोठी, त्यामुळे खाजगी दवाखान्यात अनेक डॉक्टर ते टोचायला नाखूश असतात. आणि जुन्या, स्वस्त, पेटंट नसलेल्या औषधात कंपन्यांना नफा नसल्यामुळे त्याचा तुटवडा अधूनमधून पडतो. २०२३ मध्ये तो अमेरिकेतही पडला. आदल्याच वर्षी तिथे गरमी घेऊन जन्मलेल्या बाळांची संख्या ३,७०० वर गेली होती, दशकापूर्वीच्या दसपटीहून अधिक. पैशाने श्रीमंत असल्यामुळे हा आजार टळत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

तपासणीबद्दल दोन गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. व्हीडीआरएल थेट जिवाणू शोधत नाही; गाईबैलांच्या हृदयातून काढलेल्या एका स्निग्ध पदार्थाशी रुग्णाचं रक्त कसं वागतं ते पाहते. म्हणून मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, कधी नुसतं गर्भारपणही तिला फसवतं. खात्रीसाठी टीपीएचएसारखी दुसरी तपासणी लागते. आता गंमत अशी की टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुधा जन्मभर तशीच राहते. आखाती देशांत नोकरीला निघालेल्या रत्नागिरीच्या पोराची वैद्यकीय तपासणी होते, त्यात ही चाचणी असते. दहा वर्षांपूर्वी बरा झालेला माणूस त्या कागदावर आजारीच दिसतो. उपचार लागू पडले की नाही हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून ठरतं: १:३२ चं १:८ झालं तर औषधाने काम केलं.

पुरुषाला गरमी कळते ती पुष्कळदा रक्तदान शिबिरामुळे. दान केलेलं प्रत्येक रक्त एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, मलेरिया आणि सिफिलिससाठी तपासणं कायद्याने बंधनकारक आहे. गणपती मंडळाच्या शिबिरात रक्त दिलेल्याला रक्तपेढीतून समुपदेशकाचा फोन आला तर तो टाळू नये.

बायकांना मात्र कळायला वाटच नव्हती. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, त्यात सिफिलिसही होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. लागोपाठ पोट पडणाऱ्या किंवा मेलेलं मूल होणाऱ्या बाईला आपल्याकडे पांढऱ्या पायाची ठरवतात, अंगारे-धुपारे करतात, नवऱ्याचं दुसरं लग्न लावतात. त्यातल्या किती जणींना २४ लाख युनिटांची गरज होती?

आज जिल्हा आणि बऱ्याच तालुका रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक आहे, तिथे तपासणी आणि औषध फुकट मिळतं. लक्षणांनुसार रंगीत खोकी ठरलेली आहेत. जननेंद्रियावरच्या चट्ट्यासाठी पांढरं खोकं, त्यात बेंझाथिन पेनिसिलिन. कंडोम बराच बचाव करतो, पण चट्टा त्याने न झाकलेल्या जागी असेल तर नाही. कंडोम वापरायला लावण्याचं काम उपदेशाने होत नाही, हे सांगलीच्या संग्राम संस्थेने आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने दाखवलं. तिथे धंद्यातल्या बायकांनीच एकमेकींना कंडोम वाटले आणि बिनकंडोमच्या गिऱ्हाइकाला परतवायची ताकद एकजुटीतून मिळवली. १८६८ च्या कायद्याच्या बरोबर उलटी ही वाट. लस अजून नाही. संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनची एक मात्रा घेण्याची पद्धत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत आणि ट्रान्स स्त्रियांत परिणामकारक ठरली आहे, पण ती डॉक्टरच्या सल्ल्याने, मनाने नव्हे. एकदा बरं झालेल्याला पुन्हा गरमी होऊ शकते.

आईकडून बाळाकडे जाणारी गरमी थांबवता येते. क्यूबाने २०१५ मध्ये, श्रीलंकेने २०१९ मध्ये ते करून दाखवलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने तशी मान्यता दिली. गरोदरपणात पेनिसिलिनला पर्याय नाही. ॲलर्जी असेल तर रुग्णालयात थोडी थोडी मात्रा वाढवत शरीराला सवय लावून तेच देतात. बाळंतपणाच्या निदान एक महिना आधी इंजेक्शन पडलं पाहिजे, म्हणून तपासणी पहिल्या भेटीत हवी. जोखीम असेल तर शेवटच्या तिमाहीत पुन्हा.

आणि नवऱ्यालाही टोचावं लागतं, नाहीतर ती बरी होऊन पुन्हा त्याच्याकडूनच आजार घेते. इथे आपली व्यवस्था लंगडी पडते. कार्ड बाईच्या नावाचं, नोंद बाईची, आशाताईचा पाठपुरावा बाईचा. ‘नवऱ्याला घेऊन ये’ असा निरोप तिच्याच तोंडून पाठवायचा, म्हणजे आजाराचा आळही आधी तिच्यावरच. काही केंद्रांत गरोदर जोडप्याला पहिल्या भेटीलाच दोघांचं रक्त द्यायला सांगतात. तिचा निकाल येण्याआधीच त्याचंही नाव कागदावर चढलेलं असतं, आणि कोणी कोणाला काय दिलं हा प्रश्न निदान त्या टेबलापाशी निघत नाही.