बारावीचा अर्ज नववीत सुरू होतो



आपल्या वसतिगृहाला भेट द्यायला पाहुणे आले की मुलांना एक प्रश्न ठरलेला असतो, "मोठेपणी तू कोण होणार?" कोणी डॉक्टर म्हणतो, कोणी इंजिनिअर, एखादी धीट मुलगी कलेक्टर म्हणते, आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्याच्या पुढचे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. अकरावीला गणित घेणार ना? आजोबांचा शाळेचा दाखला घरात आहे का? आमच्या अनुभवात मोठ्या विद्यापीठाचे दार गुण कमी पडल्यामुळे जितक्यांदा बंद झाले, तितक्यांदाच ते या दोन साध्या गोष्टींमुळेही बंद झाले आहे.

आधी विषयांचे पाहू. दहावीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलाला जे कनिष्ठ महाविद्यालय जवळ असेल तेच बरे वाटते, आणि जवळ अनेकदा कला शाखाच असते. काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातल्या एका पावरा मुलीला दहावीला गणितात चांगले गुण होते. मैत्रिणींबरोबर तिने कला शाखा घेतली, गणित सोडले. बारावीत असताना तिला दिल्ली विद्यापीठाविषयी कळले. तिला अर्थशास्त्र शिकायचे होते, पण तिथे अर्थशास्त्र ऑनर्ससाठी गणित लागते. तिने दुसरा विषय घेतला आणि ती चांगली शिकली, हे खरे. पण तो निर्णय तिने पंधराव्या वर्षी, काहीही माहीत नसताना घेतला होता, आणि तेव्हा आम्हीही तिला विचारले नव्हते. म्हणून आता नववीच्या मुलांशी आम्ही याविषयी बोलतो. ज्याला गणित झेपते त्याने ते सोडू नये. डॉक्टर व्हायचे असेल तर जीवशास्त्र लागेलच. दोन्ही घेणे जड जाते, पण दोन्ही वाटा उघड्या राहतात.

आयआयटीचे नाव काढले की पालक हसतात. "मास्तर, ते आपल्यासाठी नाही." म्हणून नियम नीट समजून घेऊ. आधी जेईई मेन ही परीक्षा असते, सहसा जानेवारी आणि एप्रिल अशी वर्षातून दोनदा. त्यातून सुमारे अडीच लाख मुले जेईई ॲडव्हान्स्डला बसू शकतात, आणि त्यांत साडेसात टक्के जागा अनुसूचित जमातींसाठी असतात. २०२४ मध्ये ॲडव्हान्स्डला बसण्यासाठी खुल्या गटाला सुमारे ९३.२ पर्सेंटाइल लागले, अनुसूचित जमातीच्या मुलांना सुमारे ४६.७. बारावीला इतरांना ७५ टक्के लागतात, आपल्या मुलांना ६५. ॲडव्हान्स्ड ही अवघड परीक्षा आहे, ती सोपी आहे असे मी म्हणणार नाही. पण तिच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणे आपल्या चांगल्या मुलांच्या आवाक्यात आहे. ती लागोपाठ दोन वर्षे देता येते.

फारच थोड्यांना ठाऊक असलेली आणखी एक सोय आहे. राखीव जागा रिकाम्या राहिल्या तर थोडे कमी गुण असलेल्या अनुसूचित जातीजमातींच्या मुलांना आयआयटी एक वर्षाच्या पूर्वतयारी वर्गात घेते. तो वर्ग यशस्वीपणे पूर्ण केला की पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा न देता पदवीला प्रवेश मिळतो. शिवाय २०१६ पासून आयआयटीत अनुसूचित जातीजमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. जेवण, राहणे आणि प्रवास यांचा खर्च मात्र उरतो, आणि तो लहान नसतो.

कला शाखेच्या मुलांनी निराश होऊ नये. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आहे. दिल्ली, हैदराबाद, बनारस, तसेच अमरकंटकचे इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ तिच्यातून प्रवेश देतात. ती मराठीतून देता येते. जेईई मेन आणि नीटही मराठीतून देता येतात. ॲडव्हान्स्ड मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी, असा आपल्या मुलांचा तिसऱ्या भाषेतला प्रवास असतो. विज्ञानाचे इंग्रजी शब्द नववीपासून कानावर पडले तर अकरावीत मूल गांगरत नाही. एनसीईआरटीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महागडा क्लास लावण्याआधी ती दोनदा वाचून व्हावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कागदपत्रे. इथेच आमचे सर्वांत जास्त दिवस जातात. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, आणि केंद्रीय संस्थांसाठी तो केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्यातल्या इंजिनिअरिंग वा वैद्यकीय प्रवेशाला त्याशिवाय जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून इथले आहे हे दाखवावे लागते. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, जन्ममृत्यूची जुनी नोंद, जमिनीचा उतारा आणि वंशावळ. वडिलांकडच्या एखाद्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाकडे वैधता असेल तर काम बरेच हलके होते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर काय? मग जुन्या महसुली नोंदी शोधत फिरावे लागते, आणि त्यात महिने जातात. अकरावीत प्रवेश होताच अर्ज करावा. (काही वाचकांनी विचारले होते म्हणून सांगतो: अनुसूचित जमातीचा दर्जा कायद्याने धर्माशी जोडलेला नाही.)

नावाची गंमत वेगळीच. एका मुलाचे आडनाव आधारवर "पावरा" आणि शाळेच्या दाखल्यावर "पवार" होते. बारावीचा फॉर्म भरताना ते लक्षात आले, तोवर दहावीचे प्रमाणपत्र छापून झाले होते. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी हे पाहिले असते तर शाळेतच दुरुस्ती झाली असती. नंतर ते फार अवघड जाते. जन्मतारखाही पाहाव्यात. अर्ध्या वर्गाची तारीख १ जून असते, त्याला इलाज नाही, पण ती सगळीकडे एकच असावी.

शेवटची अडचण मोबाईलची. परीक्षेचे सगळे अर्ज ऑनलाइन, आणि ओटीपी वडिलांच्या नंबरवर. वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, रिचार्ज संपतो, सिम बंद पडते. म्हणून आता वसतिगृहाने बारावीच्या मुलांसाठी एक कायमचा नंबर ठेवला आहे, आणि एका जाड वहीत प्रत्येकाचा अर्ज क्रमांक, ईमेल व पासवर्ड लिहिला जातो.

तुमच्यापैकी पुष्कळजण विचारतात, पैशांशिवाय आणखी काय देता येईल? शहरात राहणाऱ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री एका मुलाला मुक्कामाला जागा द्यावी आणि सकाळी केंद्रावर सोडावे. निवृत्त शिक्षकांनी फोनवरून आठवड्यातून एक तास गणित किंवा इंग्रजी घ्यावे. कचेरीतली कामे ठाऊक असणाऱ्यांनी मे महिन्यात दोन दिवस काढून यावे. यंदा नववीत गेलेल्या मुलांच्या फायली तेव्हा उघडायच्या आहेत, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने घरून आजोबांचा जो मिळेल तो कागद आणायचा, असे ठरले आहे.