दुरुस्तीच्या वाटेने जाणारी माहिती

भाईंदर पश्चिमेतल्या करसल्लागारांच्या व गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत आधार आणि पॅनच्या प्रती काढणारा, नेटवर्कला जोडलेला मल्टिफंक्शन प्रिंटर हा वस्तुतः संगणकच असून, अशा अनेक यंत्रांच्या हार्ड डिस्कवर छापलेल्या वा स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा मागे राहू शकतात. वार्षिक देखभाल करारानुसार येणारा तंत्रज्ञ सर्व्हिस मोड, म्हणजे दुरुस्तीसाठी राखलेली अंतर्गत सेटिंग्ज, उघडतो. या मोडचा पासवर्ड अनेकदा कारखान्यातून आला तसाच असतो, आणि स्कॅन पाठवण्यासाठी भरलेला ईमेलचा पासवर्डही त्याच यंत्रात साठवलेला असतो.

अशी डिस्क कार्यालयाबाहेर गेली की काय होऊ शकते, ते पाहा: न्यूयॉर्कच्या अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने भाड्याची फोटोकॉपी यंत्रे डिस्क न पुसता परत केली. त्यांपैकी एक २०१० मध्ये सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाहिनीच्या वार्ताहरांनी विकत घेतले, तेव्हा त्यात रुग्णांची माहिती सापडली आणि २०१३ मध्ये संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ बहुधा प्रामाणिकच असतो, तरीही त्याला तात्पुरते स्वतंत्र खाते द्यावे, काम संपताच ते बंद करावे आणि बदललेली जुनी डिस्क, ती बिघडलेली असली तरी, कार्यालयानेच ठेवून घ्यावी, असे करारातच लिहिलेले असणे अगत्याचे आहे.