जुन्या यंत्राला चौथा अक्ष

काकडी सोलतांना आपला डावा हात काय करतो, इकडे आपण कधीं लक्ष दिलें आहे काय? उजव्या हातांतील सालकाढणें काकडीच्या लांबीवरून सरळ जातें. परंतु एक पट्टी निघाली कीं डावा हात काकडीला किंचित् फिरवितो, थांबतो, पुन्हां फिरवितो. हा डावा हात नसता, तर काकडीची एकच बाजू सोलली गेली असती. श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो सारा विषय या डाव्या हातांत आहे. काकडीच्या जागीं पोलादाचा दांडा आहे आणि सालकाढण्याच्या जागीं मिनिटाला हजारों फेरे घेणारा कटर आहे, एवढेंच.

मी शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढें माझें शिक्षण गेलें नाहीं. सारी नोकरी मुलांना गणित शिकविण्यांत गेली आणि कारखान्याचें तोंड मीं क्वचितच पाहिलें. माझा भाचा मात्र कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरांत एक लहानसें वर्कशॉप चालवितो. त्याच्याकडे जुन्या बाजारांतून घेतलेलें एक सी. एन. सी. मिलिंग मशीन आहे. त्याचें वय पंचविशीच्या पुढें गेलेलें. एका गिऱ्हाइकानें त्याला दोन प्रकारचें काम देऊं केलें. पहिलें, शंभर मिलिमीटर व्यासाच्या रोळांवर लांबीच्या दिशेनें सात खांचा, अगदीं समान अंतरावर. दुसरें, एका दांड्यावर पिळाची खांच. भाच्याच्या यंत्राला ही दोन्ही कामें करतां येत नव्हतीं. नवें यंत्र घ्यावयाचें, तर घर गहाण ठेवावें लागणार होतें. त्या घरांत माझी बहीण राहते. म्हणून मी या प्रकरणांत पडलों.

आधीं यंत्र कसें चालतें तें सांगतों. मिलिंग मशीनमध्यें कटर गरगरा फिरत असतो आणि ज्यावर काम करावयाचें तो तुकडा, ज्याला वर्कशॉपांत 'जॉब' म्हणतात, टेबलावर घट्ट आवळून कटरखालून सरकविला जातो. टेबल डावीकडे-उजवीकडे सरकतें, ही एक्स दिशा. पुढें-मागें सरकतें, ही वाय. आणि कटर व टेबल यांच्यामधील अंतर कमीजास्त होतें, ही झेड. पूर्वीं या तीन दिशांचीं तीन चाकें कारागीर हातानें फिरवीत असे. सी. एन. सी. यंत्रांत तें काम मोटरी करतात, आणि किती फिरावयाचें तें त्यांना अंकांनीं कळविलें जातें. असें अंकांनीं चालणारें मिलिंग मशीन अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें १९५२ सालीं लोकांस दाखविलें. त्यालाहि अक्ष तीनच होते. या तीन दिशांभोंवतीं जॉब फिरविण्याच्या हालचालींना अनुक्रमें ए, बी आणि सी अशीं नांवें आहेत. टेबलाच्या लांबीला समांतर ठेवलेला दांडा स्वतःभोंवतीं फिरविला, कीं तो ए अक्ष झाला. लहान वर्कशॉपांत चौथा अक्ष म्हणजे बहुधा हाच.

ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स या शहरीं यादवी युद्धाच्या दिवसांत बंदुकांचे भाग तयार होत. त्यांना भोकें पाडण्यासाठीं पिळाचे ड्रिल लागत, आणि ड्रिलवरील त्या पिळाच्या खांचा कारागीर गोल कानशीनें घांसून घांसून काढीत. या कामावर उपाय म्हणून जोसेफ ब्राउन या गृहस्थानें १८६२ सालीं आपलें युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केलें. त्यांत टेबल सरकविणारा स्क्रू आणि जॉब फिरविणारें डोकें हीं दांत्यांच्या चाकांनीं एकमेकांस जोडलेलीं होतीं. टेबल जेवढें सरके त्या प्रमाणांत जॉब फिरे, आणि खांच आपोआप पिळाची पडे. आजचा चौथा अक्ष याहून निराळें कांहीं करीत नाहीं. मधल्या चाकांचें काम आतां अंक करतात.

त्याच घराण्यांतील डिव्हायडिंग हेड नांवाचें उपकरण आजहि अनेक वर्कशॉपांत सांपडेल. त्याची मूठ चाळीस वेळां फिरविली कीं जॉब एकदां फिरतो. सात भाग पाडावयाचे तर चाळिसास सातांनीं भागावें: पांच पूर्ण फेरे आणि पांच सप्तमांश. हे पांच सप्तमांश मोजण्यास एकवीस भोकांचें वर्तुळ घेऊन पंधरा भोकें पुढें जावें. भाच्याकडील वृद्ध मिस्त्री हा हिशेब मनांतल्या मनांत करतात. त्यांची शाळा सातवींत सुटली. पांच सप्तमांशाला भिणारीं माझ्या वर्गांतील कित्येक हुषार मुलें मला त्यावेळीं आठवलीं! परंतु रोळ होते शेंकडों, आणि पिळाची खांच तर हातानें मूठ फिरवून त्या यंत्रावर निघण्यासारखी नव्हती.

जुन्या यंत्राला चौथा अक्ष देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला सर्वांत सोपा: फिरविणाऱ्या डोक्याला स्वतःची निराळी पेटी असते. मुख्य यंत्र तिला नुसता इशारा देतें. ती ठरलेला कोन फिरविते आणि 'झालें' असा उलट इशारा देते. सात खांचांना हें पुरेसें आहे, पण पिळाला नाहीं. कारण पिळासाठीं सरकणें आणि फिरणें हीं एकाच वेळीं, एकमेकांच्या तालांत व्हावीं लागतात. दुसरा मार्ग, यंत्राच्या मूळ कंट्रोलरमध्येंच चौथ्या अक्षाची सोय असल्यास ती खुली करून घेणें. जुन्या कंट्रोलरचे सुटे भाग मिळणें हें येथें मोठें संकट. तिसरा मार्ग, यंत्राचें शरीर ठेवून मेंदू बदलणें. भाच्यानें हा तिसरा मार्ग घेतला. लिनक्स-सी. एन. सी. नांवाची एक प्रणाली फुकट मिळते; तिचें मूळ अमेरिकन सरकारच्या प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेंत १९९० नंतरच्या दशकांत झालेल्या कामांत आहे. साध्या संगणकावर ती घालून त्यानें जुन्या मोटरी तिच्या ताब्यांत दिल्या. यंत्राचें बीडाचें अंग मात्र मूळचेंच राहिलें, आणि तें अजून उत्तम आहे. पंचवीस वर्षांत मेंदू म्हातारा होतो. तेल-पाणी वेळेवर मिळालेलें बीड इतक्या लवकर म्हातारें होत नाहीं.

आतां थोडें गणित, घाबरूं नये. फिरविणाऱ्या डोक्यांत वर्म आणि वर्म-व्हील अशी जोडी असते. ज्यांच्या घरीं गिटार आहे त्यांनीं तिची खुंटी पाहावी: लहान स्क्रू पुष्कळ फेरे घेतो तेव्हां दांत्यांचें चाक थोडेंसें फिरतें. भाच्याच्या डोक्यांत हें प्रमाण नव्वदास एक आहे. त्याला जोडलेली स्टेपर मोटर एका फेऱ्यांत दोनशें पावलें टाकते. म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यास अठरा हजार पावलें; एक पाऊल ०.०२ अंशाचें. एवढासा कोन, त्याची काय मातब्बरी, असें वाटेल. परंतु कोनाची चूक केंद्रापासून दूर जावें तसतशी वाढते. एका अंशाची चूक दहा मिलिमीटर त्रिज्येवर ०.१७ मिलिमीटर, पण शंभर मिलिमीटर त्रिज्येवर १.७५ मिलिमीटर! आमच्या रोळाची त्रिज्या पन्नास. तेथें मोटरीचें एक पाऊल ०.०१७ मिलिमीटर होतें. पावलाचेहि आणखी बारीक भाग विद्युतीय युक्तीनें पाडतां येतात; मात्र त्या बारीक भागांवर पूर्ण भरंवसा ठेवूं नये, असें भाचा सांगतो.

डोकें टेबलावर ठेवलें आणि बोल्ट आवळले, म्हणजे झालें असें नाहीं. त्याचा अक्ष टेबलाच्या चालीशीं अगदीं समांतर पाहिजे. नाहींतर खांच एका टोंकास खोल आणि दुसऱ्या टोंकास उथळ पडेल. मिस्त्रींनीं डोक्यांत एक सरळ दांडा धरला, डायलची सुई त्यावर टेकविली आणि टेबल दोनशें मिलिमीटर सरकवून सुई किती हलते तें पाहिलें. एकदां वरून, एकदां बाजूनें. नंतर दांडा अर्धा फेरा फिरवून तेंच सारें पुन्हां केलें. मीं कारण विचारलें. ते म्हणाले, "मास्तर, अर्धा फेरा फिरवल्यावर सुई उलट बाजूला गेली, तर दांडा वांकडा, तशीच राहिली, तर डोकं वांकडं. ज्याचा दोष त्याच्याच पदरीं घालायचा." या एका कामांत त्यांचा सबंध दिवस गेला, आणि भाचा अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालीत राहिला.

इतकें करूनहि पहिला रोळ बिघडला. खांचांत सारख्या जाडीच्या पिना बसवून मिस्त्रींनीं अंतरें मोजलीं, तेव्हां पहिल्या दोन खांचांमधील अंतर सुमारें ०.०४ मिलिमीटर कमी भरलें. माझा संशय ताबडतोब गणितावर गेला. ३६० ला सातांनीं भागलें कीं ५१.४२८५७१ असा कधींच न संपणारा भागाकार येतो. भाच्यानें तो ५१.४२८ वर तोडला होता, आणि प्रत्येक वेळीं मागच्या जागेपासून तेवढेंच पुढें जाण्याची आज्ञा दिली होती. म्हणजे चूक दर पावलीं सांठत जाणार! मीं विजयी मुद्रेनें पाटी पुढें ओढली. परंतु हिशेब केल्यावर सातव्या खांचेपर्यंत सांठलेली चूक अवघी ०.००३ मिलिमीटर निघाली. आज्ञा पहिल्या शून्यापासून मोजून द्याव्या, म्हणजे ही चूक सांठतच नाहीं, हें खरें. पण आमच्या रोळाची चूक तिच्या तेरापट होती. भागाकार निर्दोष सुटला आणि मी गप्प बसलों.

मिस्त्री मात्र मोजीतच होते. सात अंतरांपैकीं पांच सारखीं होतीं. पहिलें जेवढें कमी, तेवढेंच शेवटचें, म्हणजे सातव्या खांचेपासून पहिलीपर्यंतचें, जास्त होतें. हा आंकडा पाहतांच त्यांनीं जॉब दोन्ही हातांनीं धरून मागें-पुढें हलविला. मोटर जागची हलली नाहीं. जॉब मात्र केसभर हलला. वर्म आणि चाक यांच्या दांत्यांमध्यें जी फट राहते तिला कारखान्यांत 'प्ले' म्हणतात. जुन्या मोटारगाडीचें स्टिअरिंग थोडें फिरविलें तरी चाकें हलत नाहींत, तोच हा प्रकार. भाच्यानें शून्य ठरवितांना जॉब मागच्या दिशेनें आणून थांबविला होता, आणि पहिली खांच तेथें पाडली. नंतर पुढें जातांना वर्मनें आधीं ती फट भरून काढली आणि मगच जॉब हलला. म्हणून दुसरी खांच तेवढी मागें राहिली. पुढच्या साऱ्या तितक्याच मागें राहिल्या, म्हणून आपसांत समान. एकटी पहिलीच चुकीच्या जागीं होती, आणि आम्ही मात्र दुसरीला दोष देत होतों!

उपाय दोन झाले. वर्म किंचित् सरकवून चाकाशीं अधिक घट्ट भिडविला. अगदीं घट्ट करूं नये, नाहींतर तो अडकतो. आणि शून्यावर जावयाचें तर आधीं पांच अंश मागें जाऊन मग पुढच्याच दिशेनें यावें, असा नियम यंत्राच्या आज्ञांतच घातला. शिवाय खांच पडत असतां डोकें ब्रेकनें धरून ठेवणें भाग पडलें, कारण कटरचा जोरहि त्या फटीचा फायदा घेतो.

पिळाच्या खांचेनें निराळाच धडा दिला. सरळ चालींत यंत्राला वेग मिनिटाला मिलिमीटरमध्यें सांगतात; परंतु जॉब नुसता फिरत असेल, तर तोच आंकडा मिनिटाला अंश असा वाचला जातो. मिनिटास ३६० अंश म्हणजे दहा मिलिमीटर त्रिज्येवर पृष्ठभागाचा वेग ६३ मिलिमीटर, तर पन्नासवर ३१४. आंकडा एक, वेग पांचपट! हें आमच्या ध्यानांत येईपर्यंत एक कटर मोडला. दोन्ही हालचाली एकत्र असल्या, तर वेगाऐवजीं वेळ सांगणें सोयीचें असतें. आमच्या दांड्याची त्रिज्या वीस मिलिमीटर, आणि एका फेऱ्यांत टेबल साठ मिलिमीटर सरकावयाचें. परीघ जवळजवळ १२६. पायथागोरसच्या सिद्धांतानें पिळाची लांबी १३९ मिलिमीटर निघाली. कटर मिनिटास १३९ नें चालवावयाचा, तर यंत्राला सांगावयाचें कीं ही संपूर्ण चाल एका मिनिटांत पुरी कर. हा हिशेब भाच्यानें मजकडूनच करून घेतला. भागाकाराच्या प्रसंगानंतर मला तेवढें समाधान हवेंच होतें.

काम वेळेवर गेलें, आणि घराचे कागद बहिणीच्या कपाटांतून बाहेर निघाले नाहींत. एकवीस भोकांची ती तबकडी मिस्त्रींनीं पुसून फळीवर ठेविली आहे. एखादा सुटा जॉब आला तर ते अजून तीच काढतात. यंत्राच्या पडद्यावर एक्स, वाय, झेड यांच्या खालीं आतां ए हें अक्षर दिसतें. प्रत्येक नव्या जॉबच्या आधीं डोकें शून्यापासून पांच अंश मागें जातें, मग पुढें येऊन थांबतें. आणि मिस्त्री तरीहि एकदां दोन्ही हातांनीं जॉब हलवून पाहतात.