उसनवारीवर चालणारं यंत्र

सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ या संस्थेनं वेश्या वस्त्यांमध्ये निरोध वाटायला सुरुवात केली. मीना शेषू यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या या कामातून १९९६मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ म्हणजे ‘व्हॅम्प’ जन्माला आली. सांगलीच्या गोकुळनगर या वस्तीतल्या बायकांच्या हाती तेव्हा एचआयव्हीविरुद्ध निरोधाशिवाय दुसरं काही नव्हतंच. सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, मोफत सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला. विषाणू पेशीत शिरण्याआधी जिथे अडवता येतो, तिथेच या बायकांनी त्याला अडवलं. एकदा आत गेल्यावर तो काय करतो, त्याची ही हकिगत.

एचआयव्हीची सारी मालमत्ता म्हणजे आरएनएचे दोन धागे. प्रत्येकात साधारण ९,७०० अक्षरं, जनुकं नऊ. माणसाकडे वीस हजारांच्या आसपास जनुकं आहेत. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर हा विषाणू संसार थाटतो तो उसनवारीवर, आणि उसनं मागण्याची सुरुवात पहिल्या पावलापासूनच होते. आरएनएवरून डीएनए लिहिणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्याचं स्वतःचं आहे (१९७० साली टेमिन-मिझुतानी आणि बाल्टिमोर यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं). पण कोऱ्या जागेवरून लिहायला सुरुवात करणं त्याला जमत नाही. आधाराला एक तुकडा लागतो, आणि तो असतो माणसाचा, लायसिन वाहणारा टी-आरएनए. विषाणूच्या आरएनएवरच्या अठरा अक्षरांना तो नेमका चिकटतो. आधीच्या पेशीतून निघतानाच विषाणूनं तो सोबत घेतलेला असतो.

लिहून झालेला डीएनए विषाणूचंच इंटिग्रेज हे प्रथिन आपल्या गुणसूत्रात शिवून टाकतं. त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. या डीएनएवरून नवा आरएनए काढायचं काम आपलंच पॉलिमरेज करतं, पण सुरुवातीला ते साठेक अक्षरांवरच अडखळतं. तेवढ्याशा आरएनएची केसाच्या पिनेसारखी एक घडी पडते. तिचं नाव टार. विषाणूचं टॅट हे प्रथिन त्या घडीला धरतं आणि पेशीतली सायक्लिन टी१ आणि सीडीके९ ही जोडी तिथे खेचून आणतं. सीडीके९ पॉलिमरेजवर फॉस्फेट चढवतं आणि अडलेलं काम भरधाव सुटतं. उंदराच्या सायक्लिन टी१मध्ये एका जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन आहे. एवढ्याशा फरकानं उंदराच्या पेशीत टॅटचं हे काम अडतं.

भारतात मुख्यतः ‘सी’ उपप्रकार आढळतो. त्याच्या टॅटमध्ये ३१व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असतं. बंगळूरच्या उदयकुमार रंगा यांच्या गटानं २००४मध्ये दाखवलं की त्यामुळे हे टॅट पांढऱ्या पेशींना आपल्याकडे ओढण्यात कमी पडतं. भारतीय रुग्णांच्या मेंदूवरचा परिणाम सौम्य असण्याशी याचा संबंध जोडला गेला, पण तो वाद अजून मिटलेला नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात देबाशिष मित्रा यांच्या गटाला उसनवारीची आणखी एक बाजू सापडली. उष्णतेच्या ताणात पेशीला सावरणाऱ्या प्रथिनांपैकी एचएसपी४० हे विषाणूच्या ‘नेफ’ या प्रथिनाला साथ देतं आणि विषाणूची जनुकं जोरात चालू लागतात. त्याच कुटुंबातलं एचएसपी७० मात्र विषाणूला आवर घालतं. एकाच घरात एक सावकार उदार, दुसरा कडक.

पेशीही हात बांधून बसत नाही. अपोबेक३जी नावाचं प्रथिन नव्या विषाणूत चोरपावलानं शिरतं आणि लिहिल्या जाणाऱ्या डीएनएतली अक्षरं बदलून मजकूर निकामी करतं. त्यावर विषाणूनं विफ हे प्रथिन ठेवलंय. ते पेशीचीच कचऱ्याची विल्हेवाट लावणारी यंत्रणा वापरून अपोबेकची वासलात लावतं. मग न कापलेला आरएनए केंद्रकाबाहेर न्यायला विषाणूचं रेव्ह हे प्रथिन असतं, पण वाहन पुन्हा पेशीचंच, सीआरएम१. शेवटी गॅग हे प्रथिन पेशीतल्या असंख्य आरएनएंच्या गर्दीतून आपले दोन धागे निवडून बांधतं.

सांगली-साताऱ्याच्या एआरटी केंद्रांतून मिळणारी टीएलडी गोळी घाव घालते तो विषाणूच्या घरच्या हत्यारांवर. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचं लिखाण मध्येच तोडतात, डोलुटेग्राविर इंटिग्रेजचे हात बांधतं. उसन्या प्रथिनांवर घाव घालणं अवघड, कारण ती आपल्यालाही लागतात. लेनाकापाविरनं यातून वेगळी वाट काढली. विषाणूच्या कवचावरच्या ज्या खाचेत पेशीचं सीपीएसएफ६ बसतं, त्याच खाचेत हे औषध जाऊन बसतं. सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. त्याची जेनेरिक आवृत्ती बनवण्याचा परवाना २०२४मध्ये ज्या सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअरही आहे.

काही पेशींत मात्र टॅट पुरेसं तयारच होत नाही. तिथे विषाणूचा डीएनए गुणसूत्रात गप्प पडून राहतो. आरएनए नाही, प्रथिन नाही, त्यामुळे गोळीला आणि प्रतिकारशक्तीला तो दिसतच नाही. औषध थांबलं की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांत विषाणू पुन्हा सापडू लागतो. टॅट आणि टारची ती पकड सोडवणारं औषध अजून बाजारात आलेलं नाही.