वाढीचे हार्मोन आणि प्रोस्टेटचा कॅन्सर

मुलाची उंची वाढते, हाडे भरतात, स्नायू बळकट होतात. या सगळ्याचा हुकूम रक्तातून फिरत असतो. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी वाढीचे हार्मोन सोडते. ते यकृतापर्यंत पोहोचले की यकृत आणखी एक द्रव्य तयार करते. त्याची रचना इन्सुलिनशी मिळतीजुळती असते. डॉक्टर त्याला आयजीएफ-१ म्हणतात. पेशींना ‘वाढा, एकाच्या दोन व्हा’ असे सांगणारे हेच द्रव्य. तारुण्यात ते भरपूर असते आणि वयाबरोबर कमी होत जाते.

पण जे द्रव्य चांगल्या पेशी वाढवते, ते बिघडलेल्या पेशींनाही बळ देणार नाही का? शिवाय, खराब झालेल्या पेशीने मरून जावे अशी सोय शरीरात असते. आयजीएफ-१ त्या मरणालाही अडवते. शास्त्रज्ञांना शंका आली ती इथेच.

१९८२ मध्ये अमेरिकेत हजारो पुरुष डॉक्टरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि त्यांच्यापैकी जवळजवळ पंधरा हजार जणांचे रक्त गोठवून ठेवण्यात आले. पुढे ज्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला अशा १५२ जणांचे जुने रक्त तपासून निरोगी १५२ जणांच्या रक्ताशी ताडून पाहिले. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आला : ज्यांचे आयजीएफ-१ सर्वाधिक होते त्यांना धोका सर्वांत कमी असणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक दिसला. जगभर खळबळ उडाली.

मात्र १५२ ही संख्या लहानच. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले. २०१६ मध्ये १७ अभ्यासांतील हजारो रुग्णांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा चौपटीचा आकडा २९ टक्क्यांवर आला. संबंध खरा ठरला, पण बराच सौम्य. २९ टक्के म्हणजे शंभरातल्या २९ जणांना कॅन्सर होतो, असा अर्थ कोणी काढू नये. समजा कमी प्रमाण असलेल्या शंभर जणांत १० रुग्ण निघाले, तर जास्त प्रमाणवाल्या शंभरात सुमारे १३ निघतील. फरक इतकाच.

गंमत अशी की, पुरुषत्वाच्या हार्मोनबद्दल, म्हणजे टेस्टोस्टेरॉनबद्दल, याच पद्धतीने २००८ मध्ये १८ अभ्यास तपासले गेले, तेव्हा रक्तातील त्याच्या प्रमाणाचा आणि या कॅन्सरच्या धोक्याचा संबंध आढळला नाही.

दक्षिण इक्वाडोरच्या डोंगराळ भागातून आणखी एक पुरावा मिळाला. तिथल्या काही कुटुंबांत जन्मतःच वाढीच्या हार्मोनचा हुकूम शरीर ऐकत नाही. त्यामुळे आयजीएफ-१ फार कमी राहते आणि माणसे ठेंगणीच राहतात. अशा सुमारे शंभर जणांवर डॉक्टरांनी २२ वर्षे नजर ठेवली. त्यांत कॅन्सर फक्त एकाला झाला; त्यांच्याच सामान्य उंचीच्या नातेवाइकांत मात्र तो नेहमीसारखा आढळला.

मग आपण घरी काय करायचे? पहिली गोष्ट, कॅन्सर शोधण्यासाठी आयजीएफ-१ची तपासणी करून घेऊ नये. तो आकडा एका माणसाचे भवितव्य सांगत नाही. दूधदुभते जास्त घेणाऱ्यांत हे द्रव्य थोडे अधिक सापडते, पण तेवढ्यावरून घरातले दूध बंद करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट तरुण मुलांसाठी. शरीर कमावण्याच्या नादात काही जण वाढीच्या हार्मोनची इंजेक्शने घेतात. त्याने आयजीएफ-१ कृत्रिमरीत्या चढते. डॉक्टरने आजारासाठी दिले असेल तर गोष्ट वेगळी; जिममधल्या ओळखीवर ही सुई टोचून घेणे धोक्याचे आहे. मुलाच्या खोलीत अशी बाटली दिसली तर आईवडिलांनी गप्प बसू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वडील किंवा भाऊ यांना हा कॅन्सर झाला असेल तर धोका जवळजवळ दुप्पट होतो. सुरुवातीला हा आजार बहुधा काहीच त्रास देत नाही. म्हणून अशा घरातील पुरुषांनी पंचेचाळिशीपासून आणि इतरांनी पन्नाशीनंतर पीएसए या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. पीएसए वाढले म्हणजे कॅन्सरच, असे नाही. ग्रंथीची साधी वाढ किंवा संसर्ग यांनीही ते वाढते.

आमच्या घरांतले बुजुर्ग रात्री चार-चार वेळा उठतात, लघवीचे थेंब गळत राहतात, वुजू पुन्हा पुन्हा करावा लागतो, तरी ‘उम्र झाली’ म्हणून गप्प राहतात. बहुतेकदा यामागे कॅन्सर नसून ग्रंथीची साधी वाढ असते आणि तिच्यावर उपचार आहेत. लघवीतून रक्त येत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. हया ही आपल्या घरांची शान आहे. पण तिच्या आड दुखणे लपवू नये. अब्बांना सुनेसमोर किंवा मुलीसमोर बोलणे जड जाते. तेव्हा मुलाने किंवा जावयाने त्यांच्याजवळ एकटे बसावे, हळूच विचारावे आणि स्वतः सोबत जाऊन त्यांना डॉक्टरांना दाखवून आणावे.