रुग्णवाहिकांची लोखंडी शेड : काटकसर कोठे केली, कोठे केली नाही

अहवाल वर्षात रुग्णालयाच्या आवारात रुग्णवाहिका व फिरत्या दवाखान्याची गाडी यांसाठी १८ मीटर लांब व १२ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ६० फूट बाय ४० फूट, अशी लोखंडी शेड उभी राहिली. हे काम एकरकमी ठेक्याने न देता आम्ही संस्थेच्याच देखरेखीखाली करून घेतले. त्याविषयी देणगीदारांकडून विचारणा होत असते. म्हणून त्यामागील विचार येथे मांडत आहोत. खर्चाचा तपशील लेखापरीक्षित हिशेबपत्रकांत दिलेला आहे.

प्रथम वाऱ्याचा हिशेब

दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धननजीक किनाऱ्यावर आले; मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. दोन्ही वेळी कोकणात घरांचे व शेडचे पत्रे उडाले. रुग्णवाहिकेची निकड अशाच दिवशी सर्वाधिक असते. नेमकी त्या दिवशी शेडच गाड्यांवर कोसळली, तर बांधकामात वाचविलेल्या पैशाला काही अर्थ उरत नाही.

पत्र्याच्या शेडला स्वतःच्या वजनाचे भय थोडे, वाऱ्याचे अधिक. वाऱ्याचा दाब काढण्याची रीत भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिली आहे. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरला आहे. या वेगाने दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलोचा दाब निर्माण होतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा मात्र तेवढ्या जागेत जेमतेम ५ किलो भरतो. शिवाय शेडची एक बाजू उघडी असेल, तर आत शिरलेला वारा छताला खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याच वेळी ते ओढतो.

आमच्या शेडमध्ये ६ मीटर अंतराने चार कैच्या व आठ खांब आहेत. मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला ३६ चौरस मीटर छत येते. वरील दाब त्यास लावला तर ओढ सव्वाचार टनांच्या घरात जाते. छताचा उतार व उघडी बाजू यांनुसार हा आकडा कमी-अधिक होतो. तो संरचना अभियंत्यानेच ठरवावयाचा असतो. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २.४ टन असते. यावरून ध्यानात येईल की, अशा शेडचा पाया तिचा भार पेलण्याइतकाच तिला जमिनीशी धरून ठेवण्यासाठी असतो.

बचत कोठे झाली

लोखंडी नळ्या बाजारात बहुधा ६ मीटर लांबीच्या मिळतात. मापे त्याच पटीत ठेवल्याने कापाकापी व तुकड्यांची नासाडी कमी झाली. आराखडा साधा आयताकृती ठेवला. माल संस्थेने थेट खरेदी केला व मजुरी स्थानिक फॅब्रिकेटरला किलोच्या दराने दिली. एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला ७.८५ किलो भरते. त्यामुळे आराखड्यातील वजन, वजनकाट्याची पावती व बिल यांचा मेळ घालता आला. कैच्या जमिनीवरच जोडून घेतल्या, म्हणून क्रेनचे भाडे एकाच दिवसाचे पडले. बाजूंचे पत्रे पुढील वर्षावर ठेवले आहेत. मात्र ते नसतानाही शेड टिकेल, असाच हिशेब अभियंत्याकडून करून घेतला.

कोठे हात आखडला नाही

अभियंत्याचे शुल्क, पाया, फाउंडेशन बोल्ट, खांबांमधील तिरकस आधार आणि पत्र्याचे स्क्रू यांत काटकसर केली नाही. छताच्या कडा व कोपरे यांवर वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते, म्हणून तेथे स्क्रू अधिक जवळ बसविले. खारी हवा लक्षात घेऊन दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असलेला पत्रा घेतला. लोखंडावरील गंज घासून काढल्याखेरीज रेड ऑक्साइड लावू दिले नाही. उंचावर काम करणाऱ्यांना पट्टे व हेल्मेट दिली आणि त्यांचा विमा उतरविला. देणगीच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या वास्तूसाठी कोणाच्या घरचा कर्ता माणूस जायबंदी व्हावा, हे आम्हांस मान्य नव्हते.

कराविषयी

रुग्णसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट रुग्णालयास मिळत नाही. पोलादावरील १८ टक्के कर हा म्हणून आमचा प्रत्यक्ष खर्चच असतो. अंदाजपत्रकात तो आरंभीच धरावा. तसेच, पत्रे किंवा लोखंड वस्तुरूपाने दिल्यास देणगीदारास आयकराची सवलत मिळत नाही. धनादेशाने दिलेल्या देणगीस ती नियमानुसार मिळते.

पुढे

दरवर्षी मे महिन्यात, पावसापूर्वी, प्रत्येक बोल्ट व स्क्रू तपासून नोंदवहीत सही करावयाची आहे. या देखभालीसाठी वार्षिक तरतूद करावी, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे.  रुग्णांच्या आप्तांनी व देणगीदारांनी शेड अवश्य पाहावी. हिशेबाची फाईल कार्यालयात खुली आहे.