अडलेला संगणक

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, असे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु या युगातला संगणक एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही तर काय करावे, हे कोणत्याही निबंधात लिहिलेले माझ्या वाचनात नाही. म्हणून या अंकासाठी तोच विषय घेतला आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे आणि हा विषय विज्ञान शाखेचा आहे असे काही जण म्हणतील. पण लेख पूर्ण वाचल्यावर त्यांचे मत बदलेल, अशी मला आशा वाटते.

आमचे शहागड अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठी, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. नदीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. अशा रस्त्यावरच्या गावात झेरॉक्सची आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने असतातच. सातबाराचा उतारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, लग्नपत्रिका, सारे तिथेच होते. या दुकानांतले संगणक पुष्कळदा जुने, वापरलेले म्हणून विकत घेतलेले असतात. माझ्या मामांचे असेच एक दुकान आहे आणि कॉलेज सुटल्यावर मी तिथे बसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात कोणतेही यंत्र बिघडले की मिस्त्रीला बोलवायचे आणि तो सांगेल तेवढे पैसे द्यायचे, अशीच आमची रीत होती. ज्याला कळत नाही त्याला यंत्र महाग पडते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घेऊ. सरकारी कचेरीतला कागद जसा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, तसे इथे काम ठरलेल्या क्रमाने पुढे सरकते. पहिले टेबल एसएमपीएसचे. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला पंखा असलेली जी लोखंडी पेटी दिसते ती हीच. घरातली 230 व्होल्टची वीज घेऊन ती 12, 5 आणि 3.3 व्होल्टची सरळ वीज तयार करते आणि ‘पुरवठा ठीक आहे’ असा इशारा मदरबोर्डला देते. मग प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायम लिहून ठेवलेला बायोस नावाचा छोटा प्रोग्राम चालवू लागतो. बायोस हजेरी घेतो : रॅम आहे का, पडद्यावर चित्र पाठवणारा भाग आहे का, कीबोर्ड आहे का. हजेरी पूर्ण झाली की तो हार्ड डिस्ककडे वळतो आणि तिच्यावरचे विंडोज किंवा लिनक्स रॅममध्ये आणायला सुरुवात करतो. हे सर्व काही सेकंदांत होते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

संगणक सुरू होत नाही याचा अर्थ एवढाच, की कागद कुठल्या तरी एका टेबलावर अडला आहे. सगळी कचेरी जळाली असे नव्हे. कागद कुठे अडला ते शोधणे हेच दुरुस्तीचे निम्मे काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आता पहिली अवस्था घ्या. बटण दाबले तरी काहीच होत नाही. पंखा नाही, दिवा नाही. इथे संशय पहिल्या टेबलावर. आधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून तिथे वीज येते का ते पाहावे. मग स्पाइक बस्टर, वीजतार आणि एसएमपीएसच्या मागचे छोटे बटण तपासावे. झाडलोट करताना ते बटण बंद झालेले कित्येकदा आढळते. हे सारे ठीक असेल तर जाणकार एसएमपीएसची एक सोपी परीक्षा घेतात. मदरबोर्डला जाणारा त्याचा मोठा जोड काढून त्यातली एकुलती एक हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला एका तारेच्या तुकड्याने जोडतात. पंखा फिरला तर पेटीत निदान जीव आहे. फिरला नाही तर बहुधा पेटीच गेली. पेटी गेली म्हणजे संगणक गेला नाही. पेटी स्वतंत्र मिळते.

इथे एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडू नये. तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा साठा असतो आणि वीजतार काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. पेटी बदलावी, उघडू नये. तसेच कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो संगणकाचा स्वभाव समजू नये. बहुतेक वेळा सॉकेटला अर्थिंग नसल्याची ती खूण असते. त्यासाठी संगणकवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवावे.

दुसरी अवस्था सर्वांत जास्त भेटते. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. लोक इथेच घाबरतात आणि ‘मदरबोर्ड गेला’ हा निकालही इथेच सर्वांत जास्त ऐकू येतो. खरे पाहता आधी रॅमची हजेरी चुकली का ते पाहायला हवे. रॅमच्या पट्टीला खाली सोनेरी दात असतात. धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा यांनी त्या दातांवर बारीक थर जमतो आणि पट्टी जागेवर असूनही नसल्यासारखी होते. उपाय साधा आहे. वीजतार काढावी आणि बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. मग पट्टी काढून तिचे दात मऊ पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसावेत, कीस झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ असा आवाज करून बसेपर्यंत पट्टी सरळ दाबावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. जागाही बदलून पाहावी.

एका जुलै महिन्यात पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना मामांचा संगणक असाच अडला. दुकानाबाहेर माणसे कागदांच्या पिशव्या घेऊन उभी होती. फोनवर विचारले तर ‘बोर्ड गेला असणार, नवीन घ्या’ असा सल्ला मिळाला. मी मामांना म्हटले, ‘मामा, घ्यायचाच असला तर उद्या घेऊ. आज अर्धा तास मला बघू द्या.’ रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून बटण दाबले, तर कॅबिनेटमधून लांब-लांब शिट्ट्या येऊ लागल्या. मला त्या शिट्ट्यांचा आनंद झाला, कारण ‘रॅम नाही’ अशी तक्रार करायला प्रोसेसर आणि मदरबोर्ड जिवंत असावे लागतात. दात पुसून एक पट्टी लावली आणि पडद्यावर अक्षरे आली. दुसरी पट्टी मात्र खरोखर खराब होती. ती बाजूला ठेवली. संगणक थोडा मंद झाला, पण रांगेतल्या माणसांचे अर्ज मुदतीत गेले.

या शिट्ट्यांची भाषा थोडी सांगते. पुष्कळ जुन्या संगणकांत एक आखूड शिट्टी म्हणजे सर्व ठीक. पुन्हा पुन्हा येणारी लांब शिट्टी बहुधा रॅमकडे बोट दाखवते, आणि एक लांब व दोन आखूड शिट्ट्या पुष्कळदा चित्र पाठवणाऱ्या कार्डाकडे. बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे ही भाषा बदलते, म्हणून मदरबोर्डचे नाव पाहून अर्थ लावावा. काही कॅबिनेटमध्ये शिट्टीचा छोटा स्पीकरच नसतो. अशा वेळी शांततेवरून निष्कर्ष काढू नये.

रॅम ठीक असूनही पडदा काळा राहिला तर प्रोसेसरभोवती उभे असलेले छोटे गोल डबे, म्हणजे कपॅसिटर, नीट पाहावेत. त्यांचे डोके सपाट असायला हवे. फुगलेले असेल किंवा तपकिरी द्रव बाहेर आला असेल तर रोग सापडला. साधारण 2000 ते 2007 या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर बसवले गेले होते आणि जगभर असे बोर्ड बंद पडले. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर ते बदलू शकतो. मात्र क्षमता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि ऋण बाजूची पट्टी योग्य दिशेला, हे कटाक्षाने पाहावे लागते.

तिसऱ्या अवस्थेत पडद्यावर अक्षरे येतात, पण गाडी पुढे सरकत नाही. तारीख चुकली आहे असा संदेश असेल तर दोष एका नाण्याएवढ्या सेलचा आहे. मदरबोर्डवर सीआर 2032 नावाचा 3 व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालवणे आणि बायोसची मांडणी लक्षात ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की संगणक स्वतःला दहा-पंधरा वर्षे मागे समजतो. याचा परिणाम कुठे दिसावा? सरकारी संकेतस्थळ उघडत नाही! प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि मागे पडलेल्या घड्याळाच्या हिशेबाने ती मुदत सुरूच झालेली नसते. लोक इंटरनेटला दोष देत बसतात आणि दोषी असतो तो एवढासा सेल. हाच सेल गेल्यावर हार्ड डिस्कची बायोसमधली मांडणीही कधी कधी बदलते आणि विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. तेव्हा विंडोज पुसून नव्याने टाकण्याआधी ती मांडणी पूर्वीसारखी करून पाहावी.

हार्ड डिस्क सापडत नाही असा संदेश आला तर आधी तिच्या दोन्ही तारा काढून पुन्हा घट्ट लावाव्यात. परंतु डिस्कमधून ‘टकटक’ असा आवाज येत असेल तर प्रयोग तिथेच थांबवावेत. संगणक पुन्हा मिळतो, आतला मजकूर मिळत नाही. आमच्याकडे जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेल्या पत्रिका आणि अहवाल आहेत. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीचे ते काम दुसऱ्या संगणकावर उघडले तर अक्षरांची नुसती खिचडी दिसते. म्हणून चालू स्थितीतच मजकुराची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे ही खरी दुरुस्ती, असे मी म्हणेन.

चौथी अवस्था म्हणजे संगणक सुरू होतो आणि दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे ही तक्रार हमखास येते. महामार्गाची धूळ प्रोसेसरवरच्या पंख्याखाली नमद्यासारखी बसते, उष्णता बाहेर जात नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो. कॅबिनेट अंगणात नेऊन, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढावी. प्रोसेसर आणि धातूची जाळी यांच्यामधला उष्णतावाहक लेप वाळून खडखडीत झाला असेल तर जुना पुसून नवा, डाळीच्या दाण्याएवढा, लावावा.

या सर्वांत एक नियम पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय केले ते वहीत लिहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर संगणक सुरू होईलही, पण का झाला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा अज्ञानीच राहू. आमच्या इतिहासाच्या तासाला पुरावा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये असे शिकवतात. मला तरी दोन्ही कामांत फारसा फरक दिसत नाही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला कंपनीचा नियमित आधार संपला आणि विंडोज 11 पुष्कळ जुन्या संगणकांवर चालत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रेही भंगारात निघत आहेत. अशा अनेक यंत्रांवर फुकट मिळणारे लिनक्स चालते आणि अर्ज भरणे, पत्र लिहिणे एवढी कामे होतात. जुन्या बोर्डांच्या डागात शिसे असते. ते उकिरड्यावर टाकण्याची किंवा जाळण्याची वस्तू नव्हे. ज्याचा खरोखर उपयोग उरला नाही ते ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रालाच द्यावे.

सगळेच बिघाड घरी दुरुस्त होतात असे माझे म्हणणे नाही. मिस्त्रीकडे जावे लागेलच. पण जाताना ‘संगणक बंद आहे’ एवढेच न सांगता ‘पंखा फिरतो, रॅम काढल्यावर शिट्टी येते, सेल नवा आहे’ असे सांगता आले पाहिजे. एवढे सांगणाऱ्या माणसाला कोणी सहजासहजी नवा मदरबोर्ड विकू शकत नाही. आमच्यासारख्या घरांत वाचलेला तो पैसा पुढच्या सत्राच्या फीला उपयोगी पडतो.